भावजी फक्त मागे जातात

तिसऱ्या धड्याला भावजींनी दुसरा गिअर टाकायला हात सोडला आणि तो मुंगीच्या गुडघ्यावर येऊन पडला. गिअरचा दांडा वीतभर अलीकडे होता. दांड्याला वर काळा गोळा होता, गोळ्यावर आकडे होते. गुडघ्यावर आकडे नव्हते.

"भावजी, गिअर इकडे आहे."

"अरेच्चा! अजून अंदाजच येत नाही बघा," भावजी म्हणाले. हात मात्र अंदाज घेत तिथंच राहिला.

मुंगीने आपल्या पायाखालचा ब्रेक दाबला. शिकवणीच्या गाडीत ब्रेक दोन असतात, एक शिकणाऱ्याचा आणि एक शिकवणाऱ्याचा. गाडी चौकाच्या मधोमध खिळल्यासारखी उभी राहिली. मागून पाच गाड्यांनी एकदम भोंगे वाजवले. शेजारच्या टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, गाडीच्या टपावरची ड्रायव्हिंग स्कूलची पाटी वाचली आणि विचारलं, "बाई, तुम्हाला कोण शिकवतं?"

मुंगी अकरा वर्षं गाडी शिकवत होती. वळण आलं की डोळे मिटणारी एक मुख्याध्यापिका तिने शिकवून तयार केली होती. लाल दिवा दिसला की दिव्यालाच शिव्या घालणारे एक निवृत्त न्यायाधीश तिच्या हाताखालून गेले होते. उंची बेताची, म्हणून ती दोन उशा घेऊन बसायची, पण आवाज असा की रस्त्यावरची कुत्रीही इंडिकेटर दिल्यासारखी बाजूला व्हायची. असल्या माणसाचा हात उचलून खिडकीबाहेर फेकायला तिला एक मिनिट लागलं नसतं. अडचण एकच होती. तो हात उंटीच्या नवऱ्याचा होता.

उंटी म्हणजे मुंगीची मैत्रीण. वर्गात एक सगळ्यात उंच आणि एक सगळ्यात बुटकी, म्हणून बाईंनी गंमत म्हणून दोघींना एका बाकावर बसवलं, आणि तो बाक एकतीस वर्षं मोडला नव्हता. मुंगीचा नवरा घर सोडून गेला तेव्हा उंटीने त्याचे उरलेले बूट स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकले होते. मुंगीच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा उंटी एकोणीस दिवस दवाखान्यात स्टुलावर बसून होती. तिचे पाय एवढे लांब की रोज एक तरी नर्स अडखळायची. मुंगीच्या मागे ना आई उरली होती ना भाऊ. उंटी होती.

मग सांगून टाकायचं ना उंटीला? म्हणायला सोपं आहे. त्या बाकावर तिसरी एक होती, घारी. चार वर्षांपूर्वी घारीने उंटीला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "तुझा नवरा मला जिन्यात अडवतो गं." उंटीने शांतपणे चहा गाळला, घारीला दिला, ती पिऊन होईपर्यंत पडद्यांच्या कापडाबद्दल गप्पा मारल्या आणि त्या दिवसापासून घारी मेली. म्हणजे अजून जिवंत आहे, दोन गल्ल्या पलीकडे राहते, पण उंटीपुरती मेली. समोरून आली तर उंटी रस्ता ओलांडते.

तेव्हा मुंगीने तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचं ठरवलं. सगळा जोर तिने एका शब्दावर लावला. वाक्यात जेवढे "भावजी" कोंबता येतील तेवढे ती कोंबायची.

"भावजी, क्लच. भावजी, दिवा लाल झाला. भावजी, म्हातारी. भावजी, म्हातारी! भावजी, म्हातारी!!"

म्हातारी वाचली.

"सारखं भावजी भावजी काय हो," भावजी लाडात म्हणाले. "म्हातारं झाल्यासारखं वाटतं. नावाने हाक मारा की."

"उंटीचे नवरे तुम्ही. भावजीच."

"आज डोळ्यांखाली काळं दिसतंय. झोप नाही वाटतं? कुणाची आठवण येते का?"

"तुमच्या परीक्षेची येते. समोर बघा, भावजी."

असल्या माणसाला लोक रसिक म्हणतात. बाईने हूं की चूं केलं तर तिलाच समजावतात, अहो, त्यांचा स्वभावच मोकळा आहे. हा मोकळा स्वभाव बाईच्या गुडघ्यापाशी बरोबर मोकळा होतो आणि साहेब आला की आपोआप बांधला जातो. कार्यालयात भावजी वीस वर्षं साहेबासमोर हात पाठीमागे धरून उभे राहत आले होते.

ड्रायव्हिंगच्या शाळेचा एक नियम होता. प्रत्येक धड्यानंतर शिकवणाऱ्याने शिकाऊच्या प्रगतिपुस्तकात दहापैकी गुण लिहायचे आणि पुस्तक घरच्यांनी सही करून परत पाठवायचं. पाचव्या धड्याला भावजींनी सीटचा पट्टा मुंगीला लावून द्यायचा हट्ट धरला, तेव्हा तिने संतापाने प्रगतिपुस्तकात शून्य लिहिलं. सहाव्याला शून्य. सातव्याला शून्य, आणि त्या शून्याखाली दोन रेघा.

त्याच संध्याकाळी उंटीचा फोन आला.

"मुंगे, शून्य? तीनदा?"

मुंगीला वाटलं, आता ही विचारणार, का म्हणून. आणि आपण सांगणार. आणि आपण मरणार.

"अगं, तू कडक आहेस ते किती बरं आहे!" उंटी म्हणाली. "दुसऱ्या कुणी दयेने पाच दिले असते. एवढा ढ आहे हे मला माहीतच नव्हतं. मी आणखी दहा धडे वाढवलेत. सकाळी सातचेच."

करायला गेली एक नि झालं भलतंच. रागाने शून्य द्यावं तर धडे वाढत होते. मुंगी दुसऱ्या दिवशी मालकांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. शाळेचे मालक दिवसभर एकाच जागी बसून शाळा चालवायचे.

"मालक, भावजींना दुसऱ्या कुणाकडे द्या."

"का?"

"हात गिअरवर ठेवत नाहीत. माझ्या गुडघ्यावर ठेवतात."

मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुसून काही फरक पडला नव्हता. "हे बघा बाई, त्यांच्या मिसेसनी फॉर्मवर तुमचंच नाव लिहिलंय. खाली रेघ मारून. मैत्रिणीचाच नवरा ना? घरचाच माणूस. हसून वेळ न्यायची."

"मग तुम्ही घ्या त्यांना. तुम्ही हसा."

"मी? छे," मालक म्हणाले, "माझा गुडघा दुखतो."

बाराव्या धड्याला चमत्कार झाला. भावजींनी गाडी एका अरुंद गल्लीत घातली आणि समोर कचऱ्याचा ट्रक आडवा उभा. पुढे जाता येईना. मुंगी म्हणाली, "रिव्हर्स घ्या, भावजी. डोकं खिडकीबाहेर काढा आणि मागे बघत या."

भावजींनी रिव्हर्स टाकला, डोकं बाहेर काढलं, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. त्यांच्या जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं. कपाळावर घाम. गल्ली संपेपर्यंत चार मिनिटं लागली, आणि त्या चार मिनिटांत भावजी एक शब्द बोलले नाहीत. हात हलला नाही, कारण मागे जाताना गिअर एकच असतो, बदलावा लागत नाही. तोंड चाललं नाही, कारण ते खिडकीबाहेर होतं. गाडीत फक्त इंजिन बोलत होतं.

मुंगीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढी शांतता तिला पाच आठवड्यांत मिळाली नव्हती.

"छान," ती म्हणाली. "परत एकदा."

त्या दिवसानंतर भावजी पुढे गेलेच नाहीत. छत्र्यांच्या बंद पडलेल्या कारखान्याचं आवार मोठं होतं, तिथपर्यंत मुंगी स्वतः गाडी न्यायची आणि तिथे भावजींच्या हाती द्यायची. आवाराला मागे मागे वीस फेऱ्या. मग खांबांमधून नागमोडी. मग चढावर. पुढच्या आठवड्यापासून रस्त्यावर. भावजींचं डोकं खिडकीबाहेर, जीभ ओठांबाहेर, गाडी मागे मागे. कोपऱ्यावरची भाजीवाली आधी टोपली सोडून पळायची. आठवड्याने तिने पळणं सोडलं आणि वेळ बघायला लागली. "मागे जाणारे साहेब गेले," ती गिऱ्हाइकांना सांगायची, "म्हणजे साडेसात झाले."

"अहो, आज जरा पुढे जाऊया का?" एकदा भावजींनी विचारलं. "सरळ रस्त्याला. गप्पा मारत."

"पाया पक्का नको का, भावजी? मागे जमलं की पुढचं आपोआप येतं."

अकरा वर्षांत मुंगी शिकाऊशी पहिल्यांदा खोटं बोलली. रात्री तिला झोप लागेना. ज्या धंद्यात तिने इमानाने भाकरी खाल्ली, त्यात आता ती एका धडधाकट माणसाला फक्त मागे जायला शिकवत होती. पण सकाळी सात वाजता भावजी अत्तर लावून गाडीत बसले की तिचं इमान मुकाट्याने रिव्हर्स टाकायचं.

प्रगतिपुस्तकात मात्र भरभराट झाली. नऊ. साडेनऊ. दहा. उंटी खूश. "काय जादू केलीस गं मुंगे? घरीसुद्धा हल्ली जरा गप्प असतो. मान दुखते म्हणतो." सतरा धडे असे झाले. मग मुंगीने विचार केला, याला आता परीक्षेला पाठवावं. परीक्षकाचा दिवस बरा गेला तर पास होईल आणि आपल्या गाडीतून कायमचा उतरेल. तिने शिफारस लिहिली: तयार आहे.

परीक्षक म्हणजे सरकारी माणूस, गाडीत मावेल न मावेल असा, मिशी रंगाऱ्याच्या ब्रशाएवढी. नऊ वर्षांत त्यांनी कुणाला शाबासकी दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मुंगी मैदानाच्या कडेला बाकावर बसून बघत होती. आधी मागे जायची परीक्षा होती. भावजींनी गाडी आठ खांबांमधून मागच्या मागे अशी काढली की एका खांबालाही वारा लागला नाही. परीक्षकांनी चक्क कागदावरून मान वर केली. रांगेतल्या बाकीच्या उमेदवारांनी टाळ्या वाजवल्या. मुंगीला क्षणभर, देवा शपथ, अभिमान वाटला.

मग परीक्षकांनी काहीतरी सांगितलं आणि गाडी पुढे निघाली.

दहा हात पुढे गेली. थांबली. थोडा वेळ आत काहीच हललं नाही. मग परीक्षकांच्या बाजूचं दार उघडलं आणि ते एवढं मोठं शरीर एवढ्या चपळाईने बाहेर आलं की मुंगी बाकावरून उठूनच उभी राहिली.

अहवालाच्या तीन प्रती निघाल्या. एक सरकारदरबारी, एक शाळेला, एक उमेदवाराच्या घरी. त्यात लिहिलं होतं: "उमेदवार मागे जाण्यात उत्कृष्ट. पुढे जाताना दुसरा गिअर टाकण्याऐवजी परीक्षकाचा गुडघा धरतो. कारण विचारले असता 'सवय' असे उत्तर दिले. संस्थेने लेखी खुलासा करावा."

वीस वर्षं साहेबापुढे बांधलेला हात दुसऱ्या गिअरने सोडवला होता.

"पंचवीस वर्षांत या शाळेकडे कुणी खुलासा मागितला नव्हता!" मालक पहिल्यांदाच खुर्चीतून उठले होते. "सतरा धडे तुम्ही त्यांना पुढे नेलंच नाहीत?"

"नाही."

"आणि ही गुडघ्याची सवय कुणी लावली?"

"ती ते घरून घेऊन आले होते. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"कधी?"

"तुम्ही चष्मा पुसत होता तेव्हा."

मालक खाली बसले. "खुलासा तुम्ही लिहा," ते म्हणाले. "सोमवारपर्यंत. आणि माझं नाव कुठे नको."

मुंगी शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसली. कोऱ्या कागदावर तिने "खुलासा" एवढं लिहिलं आणि पुढे काही सुचेना. नोकरी गेली तर गेली, गाडी शिकवणाऱ्याला दुसरी शाळा मिळते. पण तिसरी प्रत एव्हाना घरी पोचली असेल. सवय म्हणजे कुणाच्या गुडघ्याची सवय, हे कळायला उंटीला काही पदवी लागणार नव्हती. मुंगी मनातल्या मनात रस्ते मोजायला लागली. आता उंटी समोरून आली तर कुठल्या बाजूला ओलांडेल?

दार उघडलं. आधी दोन लांब पाय आत आले, मग उंटी आली. हातात चार घड्या घातलेला कागद.

"मुंगे, सवय म्हणजे?"

मुंगीने पुढच्या काचेकडे बघत सगळं सांगितलं. तिसरा धडा, चौक, पट्टा, शून्य, कचऱ्याचा ट्रक, छत्र्यांचा कारखाना. काही गाळलं नाही. बोलून झाल्यावर ती चहाची वाट बघावी तशी वाट बघत बसली.

उंटीने कागदाला पाचवी घडी घातली. "गुडघाच ना? एवढंच?"

"एवढंच?"

"नाही, म्हणजे घारीच्या वेळी..." उंटी थांबली.

मुंगीने मान वळवली. "घारीच्या वेळी काय? तुला ते खरं वाटलं होतं?"

"वाटायचं काय त्यात. मला घारीच्या आधीपासून माहीत होतं. लग्नात माझ्या मामेबहिणीला म्हणाला होता, तू आधी भेटायला हवी होतीस. मी शेजारीच बसले होते गं."

"मग घारीला का तोडलंस?"

"तिने सांगितलं म्हणून." उंटी हे एवढ्या साधेपणाने म्हणाली की जणू भाजीत मीठ जास्त झालं होतं. "नुसतं माहीत असलं की काही करावं लागत नाही, मुंगे. तोंडावर कुणी सांगितलं की करावं लागतं. दोन पोरी, अंथरुणाला खिळलेली सासू, मी काय करणार होते? घारीला तोडणं सोपं होतं."

"आणि माझ्याकडे का पाठवलंस त्याला?"

"तू सांगणार नाहीस म्हणून," उंटी म्हणाली. "खात्रीच होती मला. आणि बाहेर कुणाच्या तरी हातचा मार खाण्यापेक्षा तुझ्याकडे बरा. सात ते आठ तो तुझ्या ताब्यात असायचा आणि मी झोपायचे. खरं सांगते, मुंगे, किती वर्षांनी मी तशी झोपले! म्हणून तर धडे वाढवत होते."

मुंगीला एवढा राग आला की तो बाहेर पडायला दारच सापडेना. एकोणीस दिवस स्टुलावर बसलेली हीच बाई. हिनेच. तिला ओरडायचं होतं, की माझा गुडघा म्हणजे तुझी उशी आहे का. तोंडातून निघालं ते भलतंच.

"मग आता मी मेले का?"

"तुला कशी मारू?" उंटीचा आवाज फुटला. "तुझ्यानंतर कोण आहे मला?"

दोघी बराच वेळ रडल्या. मालक खिडकीत येऊन बघून गेले आणि पडदा ओढून घेतला.

"मी करते काहीतरी," शेवटी नाक पुसत उंटी म्हणाली. "आता तू सांगितलंस. आता करायलाच हवं."

मुंगीने त्या रविवारी एका बैठकीत खुलासा लिहून काढला. खरा, पूर्ण, मालकांच्या नावासकट. चार महिन्यांत पहिल्यांदा ती आठ तास झोपली.

सोमवारी सकाळी सात वाजता उंटी शाळेच्या आवारात हजर होती. केस घट्ट बांधलेले, पायात सपाट बूट, हातात नवा फॉर्म, त्यावर शिकाऊचं नाव तिचं स्वतःचं.

"त्याची शिकवणी बंद," ती म्हणाली. "गाडी मी चालवणार. घरच्या गाडीची किल्ली पण मी काढून घेतलीय. म्हटलं होतं ना, करते काहीतरी?"

मुंगीने तिला मिठी मारली. ती उंटीच्या बरगडीपर्यंतच पोचली, पण मारली. दोघी गाडीत बसल्या, उंटी स्टिअरिंगमागे, गुडघे जवळजवळ कानांपाशी. मुंगीला वाटलं, माणसं बदलतात. उशिरा का होईना, बदलतात.

मागचं दार उघडलं आणि भावजी आत येऊन बसले. अत्तरासकट.

"हे कशाला?" मुंगीचा आवाज चिरका झाला.

"अगं, घरी एकटा कसा सोडू?" उंटी कुजबुजली. "समोरच्या घरात नवीन भाडेकरीण आलीय."

"नमस्कार," मागून भावजी म्हणाले. "रागावलात वाटतं आमच्यावर? तसं रागात तुम्ही अगदीच..."

"उतरव त्यांना, उंटे."

"उतरवते गं. पुढच्या वेळेपासून. आज शिकव तर."

मुंगीने डोळे मिटून घेतले. मग अकरा वर्षांची घोकलेली वाक्यं आपोआप तिच्या तोंडून यायला लागली. "गाडी सुरू करायच्या आधी आरसा. मागची काच पूर्ण दिसली पाहिजे."

उंटीने लांब हात वर करून आरसा इकडे वळवला, तिकडे वळवला. आरशात भावजी आले. एका हाताने केस सारखे करत ते मुंगीच्या मानेकडे बघत होते. उंटीने ते पाहिलं. तिने पाहिलं हे मुंगीने पाहिलं. मग उंटीने एका बोटाने आरसा हळूच वर ढकलला. भावजी खाली खाली सरकत नाहीसे झाले आणि आरशात गाडीचं छत आलं.

"आता बरं दिसतंय," उंटी म्हणाली.

"ते छत आहे, उंटे."

"हो. स्वच्छ आहे."

"आणि मागचं कोण बघणार?"

उंटीने किल्ली फिरवली.

"तू आहेस की."